ताटावरची दिल्ली

आज ताट पुसताना अंगठ्याला कोरलेल्या नावाचे खरखरीत ठिपके लागले आणि भांडीबाजारातलं ते दुकान समोर उभं राहिलं. चिंचेचा आंबूस वास, घासलेलं पितळ, आणि शेजारी उभे बाबा.

अठ्ठ्याण्णव साल. बारावीनंतर मला पुणे आणि दिल्ली, दोन्हीकडच्या नामांकित विद्यापीठांत प्रवेश मिळाला होता. मला दिल्लीच हवी होती. बाबांचं एकच पालुपद: "पुण्याहून दुपारपर्यंत नाशिकला येता येतं. दिल्लीत आजारी पडलीस तर?" आठवडाभर घरात कुणी धड जेवलं नव्हतं. पण कुठंही गेले तरी हॉस्टेलला भांडी लागणारच होती.

ताट आणि तांब्या घेतल्यावर दुकानदारानं नाव कोरायचं यंत्र उचललं. "काय घालू, ताई?"

"वैशाली. खाली दिल्ली."

"अगं, कोरलेलं पुसता येत नाही," बाबा म्हणाले.

"म्हणूनच सांगतेय."

दुकानदार बाबांकडे बघत थांबला. मी ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि हात काही काढला नाही. शेवटी बाबांनी मान हलवली. यंत्र टर्रर्र करत चाललं, तशा माझ्या तळहाताला मुंग्या आल्या.

मग बाबांनी तांब्या पुढे केला. "यावर नाशिक घाला."

हरले तरी हट्ट सोडत नाहीत, असं तेव्हा मला वाटलं.

पहिल्याच थंडीत मी दिल्लीत तापानं फणफणले. पाण्यासाठी तांब्या उचलला आणि बोटांखाली नाशिक आलं. दोन्ही हातांनी तो घट्ट धरून बसले. संध्याकाळी बाबांना फोन केला आणि सांगितलं, "मी एकदम ठणठणीत आहे."