घरची ट्यूब

बरकतपुऱ्यातल्या त्या घरात प्रियदर्शिनी थोरली सून म्हणून आली त्याला बारा वर्षं झाली, आणि बारा वर्षांत सासूने, विमलाबाईंनी, तिला एकदाही आपल्या हाताने तेल लावलं नव्हतं. तिच्या दोन्ही बाळंतपणांत सोळाव्या दिवशी भांडी तिच्या पुढ्यात आली. आता धाकटी जाऊ शिवानी बाळंत झाली, तर तिला रोज मालिश, शेक, डिंकाचे लाडू. जीव जळेल नाहीतर काय होईल?

प्रियदर्शिनी कोठी भागातल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. घरात कुणाचंही रक्त काढायचं तर तीच काढायची. त्या सकाळी शिवानी म्हणाली, पाय सुजलेत, कालपासून लघवी नीट होत नाही, मांडीवर निळे डागही उठलेत. नाटकं, असं प्रियदर्शिनी मनात म्हणाली. तरी रक्त काढलं आणि ट्यूब डब्याच्या पिशवीत टाकली.

लॅबमध्ये घरच्या ट्यूबची पावती नसते, म्हणून ती पावतीवाल्यांच्या मागून मशीनला लागते. स्वतःच्या मुलांची ट्यूब मात्र प्रियदर्शिनी नेहमी आधी लावायची. त्या दिवशी तिला एकदम नियम आठवला. महाराणींनी थांबावं थोडं.

चार वाजता मशीनने प्लेटलेट, किमान दीड लाख हव्यात तिथे, एकोणीस हजार दाखवल्या. तिने काचेवर रक्ताचा थेंब पसरून पाहिला, तर तांबड्या पेशी फुटक्या, कातरल्यासारख्या. याचा अर्थ तिला ठाऊक होता. अंगभर बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होत होत्या, त्यांतून जाताना पेशी फाटत होत्या, आणि त्याच गुठळ्यांनी किडन्या बंद पडत चालल्या होत्या. तिने धाकट्या दिराला, नागसेनला, फोन लावला.

"आत्ताच्या आत्ता शिवानीला मोठ्या दवाखान्यात ने. पेशी फुटल्यात म्हणून सांग, रिपोर्ट घेऊन मी येते."

शिवानीच्या रक्तातला प्लाझ्मा सात वेळा बदलला, चारदा डायलिसिस झालं. ती वाचली. किडन्या सुरू झाल्या, पण पुऱ्या नाहीत. आधी आणलं असतं तर फरक पडला असता का, हे प्रियदर्शिनीने डॉक्टरांना विचारलं नाही.

शिवानी घरी आली त्या दिवशी विमलाबाई तेलाची वाटी घेऊन थोरलीच्या पायाशी बसल्या.

"तू व्हतीस म्हणून ही वाचली, बाई. मी तुला कधी वळखलंच न्हाई."

बारा वर्षं जे हवं होतं ते पायाशी येऊन बसलं होतं. प्रियदर्शिनीने पाय आखडून घेतला.

"आई, ट्यूब सकाळपासून माझ्याजवळ होती. मी ती मुद्दाम चारला लावली."

विमलाबाईंचा हात तेलाच्या वाटीतच राहिला.