उगवतीची खिडकी

सारजाक्का गेल्याची बातमी आमच्या घरात खिडकीतून आली. दार उघडंच होतं, पण तिची सून वळसा घालून पुढे आली नाही. घराच्या मागे, उगवतीच्या भिंतीत जी हातभर खिडकी आहे तिच्याशी ती उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, आत्याबाई गेल्या..." मी शाळेतल्या पोरांच्या पाट्या तपासत बसलो होतो. हातातली पेन्सिल तशीच राहिली. दार सोडून ती खिडकीशी का आली, हे विचारायची गरज नव्हती. सारजाक्काच्या घरची माणसं गेली दहा वर्षं आमच्याशी त्याच खिडकीतून बोलत आली आहेत. आता महिना होऊन गेला, पण सकाळी मेंढरांच्या गळ्यातल्या घाट्या वाजल्या की मी अजून तिकडेच बघतो.

सारजाक्का धनगराच्या घरची, माहेर साखऱ्याचं. आमच्या कुरुंद्यात कुणी बाळंत झाली की लेकराला न्हाऊ घालायला तिलाच बोलावणं जाई. बाई काटक, तोंडानं फटकळ, आणि डोकं कायम उजव्या खांद्याकडे कललेलं. जन्मभर डोईवर चाऱ्याचे भारे वाहिले म्हणून मान तशी झाली असेल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. टारगट पोरं तिला 'वाकडी सारजा' म्हणत. खोटं कशाला बोलू, लहानपणी मीही म्हटलं आहे. तिनं ते ऐकलंही होतं. म्हणूनच की काय, मी मास्तर झाल्यावर ती मला 'मास्तर' अशा सुरात हाक मारी की माझ्या पगडीला कुणी टिचकी मारल्यासारखं वाटे.

माझी मुलगी इंदू जन्मली तेव्हाची गोष्ट. आमचं घर म्हणजे दोन खणांचं, मातीच्या भिंतींचं. दार मावळतीला, बाकी तिन्ही बाजू बंद. पाळणा आढ्याला टांगलेला, लेकराचं डोकं दक्षिणेला आणि पाय उत्तरेला. इंदू त्या पाळण्यातून सदा डावीकडे, म्हणजे दाराकडे बघत असायची. मी शाळेतून आलो की तिचे डोळे माझ्यावरच. मला काय वाटावं? मी गावभर सांगत सुटलो, की दोन महिन्यांची पोर पण बापाची वाट बघते. माझी मायसुद्धा आल्यागेल्याला कौतुकानं ते दाखवायची. बायको तेवढी म्हणायची, की ही एकाच अंगाला नीट पिते, दुसऱ्या अंगाला घेतलं की रडते. पण पहिलटकरणीचं कोण ऐकतं! मीही ऐकलं नाही, याची आज लाज वाटते.

एका सकाळी सारजाक्का पाटावर बसून, लांब केलेल्या पायांवर इंदूला घेऊन तेल लावत होती. मानेशी तिची बोटं थांबली. पुन्हा मागे गेली, पुन्हा थांबली. तिनं मला आत हाक मारली आणि माझं बोट धरून इंदूच्या मानेच्या उजव्या बाजूवर हलकेच टेकवलं. कातड्याखाली बोराच्या बीएवढं काहीतरी घट्ट लागत होतं.

"मास्तर, पोरगी तुमची वाट न्हाई बघून राह्यली," ती म्हणाली. "तिला दुसऱ्या अंगाला बघताच येईना. डोस्कं उजव्या खांद्यावर पडतंय, हनवटी डावीकडं जातीय. ही शीर आवळलीय. डोस्क्याची एक बाजू बी चपटी व्हऊन राह्यली, हात लावून बघा."

मी हात लावून बघितलं. खरंच होतं... दोन महिने मी ज्याला लाड समजत होतो ती लेकराची तकलीफ होती.

मायचा उपाय तयारच होता. हिंगोलीच्या बाजारात एक माणूस बसायचा, तो एका झटक्यात मान सरळ करून देतो अशी त्याची ख्याती. माझंही मन तिकडेच धावत होतं. मुलीची जात, मान वाकडी राहिली तर पुढे कोण पत्करणार, ही माय रोज घोकत असलेली चिंता माझ्याही डोक्यात बसली होती. दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपायचं ठरलं. सारजाक्काला कळलं तशी ती मेंढरं तशीच वाटेवर सोडून आली आणि दारात आडवी उभी राहिली.

"झटका द्यायचा न्हाई! लेकराची मान हाय ती, उसाचं कांडं न्हाई." मग आवाज एकदम खाली आला. "माझी बी अशीच व्हती, मास्तर. जन्मापासून. भाऱ्यानं न्हाई झाली ही. माझ्या मायला कुनी सांगितलंच न्हाई, आन् मंग मोठेपनी शीर सैल झाली न्हाई. शीर सोडवायचं मी सासूकडून लई उशिरा शिकले. माझं ऱ्हायलं, हिचं ऱ्हाऊ देनार न्हाई."

मला वर बघवेना. लहानपणी मारलेली ती हाक मला त्या क्षणी आठवली, आणि तिलाही आठवली असावी.

हाडाचं काही नाही ना, ते डॉक्टरला दाखवून घ्या, असं तीच म्हणाली. म्हणून गाडी हिंगोलीला गेली ती दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी इंदूची मान चाचपली, सारजाक्का काय करायचं म्हणते ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हड्डी ठीक है. वो बाई बराबर कहती है. आहिस्ता आहिस्ता करो, झटका मत देना." बाजारातून परतताना माय त्या झटकेवाल्याकडे वळून वळून बघत होती.

मग सुरू झालं ते रोजचं काम. आंघोळीनंतर आणि दिवसातून आणखी चार-पाच वेळा. सारजाक्कानं माझ्या बायकोला शिकवलं. एका हातानं उजवा खांदा दाबून धरायचा, दुसऱ्या हातानं डोकं हळूच डाव्या खांद्याकडे न्यायचं, आणि मग हनवटी उजवीकडे वळवायची. घाई नाही, जोर नाही. किती वेळ धरायचं? एक ओवी संपेपर्यंत. रडायला लागली की सोडायचं, उगी करायचं, पुन्हा धरायचं. पाजताना अशी घ्यायची की तिला उजवीकडे वळावंच लागेल. जागी असली की आपल्या डोळ्यांसमोर पोटावर निजवायची, म्हणजे मान उचलायला शिकेल. बायकोनं आपल्या जन्मात गायल्या नसतील इतक्या ओव्या त्या महिन्यांत गायल्या.

एवढं करूनही पाळण्यात टाकली की इंदू उजेडाकडे, म्हणजे दाराकडे वळायची. उजव्या अंगाला होती नुसती आंधळी भिंत. सारजाक्का म्हणाली, पाळण्यात डोकं उलट दिशेला करा, म्हणजे दार उजव्या अंगाला येईल. त्यावर मात्र माय उसळली. "लेकराचे पाय दक्षिणेला? यमाच्या दिशेला? मी जित्ती हाय तंवर न्हाई व्हनार!" मला वाटलं, आता सगळं फिसकटलं. मायला ओलांडून जायची माझी छाती नव्हती. सारजाक्का थोडा वेळ त्या भिंतीकडे बघत बसली. मग उठून तिनं भिंतीवर थाप मारली आणि म्हणाली, "बराबर हाय म्हातारे तुझं. पाळना नगं फिरवू. उजेडच हिकडं आनू. मास्तर, पहार हाय का घरात?"

त्या दुपारी मी भिंत फोडली. खडू धरणारे हात, पहिल्या तासातच फोड आले. गावानं दोन दिवस करमणूक करून घेतली. चोर दुसऱ्याचं घर फोडतो, मास्तरनं स्वतःचंच फोडलं, असं चावडीवर म्हणत होते. माय चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पण पाचव्या दिवसापासून सारजाक्का मेंढरं रानात नेताना त्या भगदाडाशी थांबू लागली. कडेवरच्या कोकराच्या गळ्यातली घाटी वाजवायची आणि हाक मारायची, "इंदे, हिकडं बघ की गं!" आधी इंदूचे नुसते डोळे वळायचे. मग हनवटी थोडी... मग आणखी थोडी. पाऊस संपून रानात ज्वारी पोटरीला आली असेल. एका सकाळी मी दारातून आत आलो, नेहमीसारखा पाळण्यापुढे उभा राहिलो, तेवढ्यात भिंतीपलीकडे घाटी वाजली आणि पोरीनं माझ्याकडे पाठ करून सरळ खिडकीकडे तोंड फिरवलं. आपल्या लेकरानं तोंड फिरवलं म्हणून आनंदानं रडलेला बाप कुरुंद्यात मी एकटाच असेन.

इंदू रांगायला लागली तोवर ती गाठ बोटाला लागेनाशी झाली होती. चालायला लागली ती ताठ मानेनं. तीन वर्षांची असताना मात्र एकदा ती डोकं उजवीकडे कलवून घरभर फिरू लागली. बायको धावत सारजाक्काकडे गेली. सारजाक्कानं येऊन बघितलं आणि पोट धरून हसली. "आगं, ही माझी नक्कल करून राह्यली!" हसता हसता तिनं पदर डोळ्याला लावला, तो बराच वेळ काढला नाही. तिच्यासारखं व्हावं असं आजवर कुणाला वाटलं नसेल.

भिंतीतल्या त्या भगदाडाला पुढे मी सागाची चौकट बसवली. दर पावसाळ्यात झड आत आली की माय म्हणायची, पोरीची मान सरळ झाली, आता बुजवा ते. मी दरवर्षी बरं म्हणायचो. तेवढ्यात खिडकीत ती कललेली मान दिसायची, आणि मायच तिला आतून भाकरी द्यायची.

गेल्या आठवड्यात शेजारच्या गावची एक तरणी बाई खिडकीशी आली. कडेवर अडीच महिन्यांचं लेकरू. "सारजाक्काचं घर कंचं?" तिनं विचारलं. सारजाक्का आता नाही, हे माझ्या बायकोनं तिला सांगितलं. ती खाली मान घालून परत फिरायला लागली. तेवढ्यात माय कोपऱ्यातून उठली. तिनं त्या बाईला आत बोलावलं, भिंतीला टेकून पाय लांब केले, लेकरू पायांवर घेतलं आणि आपली बोटं हलकेच त्याच्या मानेवरून फिरवली. एकदा. पुन्हा एकदा.

"एकाच अंगाला पितंय का गं?" मायनं विचारलं.

"व्हय जी."

"तुमच्या घराचं दार कुन्या अंगाला? पाळन्यातून ह्याला काय दिसतंय?"

त्या बाईनं सांगितलं. दार डावीकडे. उजवीकडे नुसती भिंत.

मायनं मान वर केली. उगवतीच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. मग ती माझ्याकडे वळली.

"आरं, बघत काहून बसलास? पहार काढ."