पावमिनिटाचे डोळे

आमच्या ऑफिसात आवक टेबलावर बसणाऱ्या माणसाला सगळे पावमिनिट म्हणतात. दुपारी एकला तो डब्याचं झाकण उघडतो, आत काय आहे ते नीट बघतो, डोळे मिटून प्रभू येशूचे आभार मानतो आणि जेवायला लागतो. त्याला पाव मिनिट लागतं. मी बावीस वर्षं त्याच्या समोर बसतोय, घड्याळ लावून पाहिलंय. एक वाजता मीही डोळे मिटतो, पण मला अर्धा तास लागतो आणि मी घोरतो.

आलेल्या प्रत्येक कागदावर ‘मिळाले’ असा शिक्का मारायचा, हे त्याचं काम. कागद हातात पडल्याशिवाय तो शिक्का उचलत नाही. ‘निघालाय, येतच असेल, मारून ठेवा’ असे वरून फोन आले तरी ढिम्म. या हट्टापायी मी दोनदा त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण समानतेचं भारी वेड. त्यांनी परिपत्रक काढलं की कार्यालयात कोणीही कोणत्याही धर्माचं आचरण करू नये. आठवडाभरात पावमिनिटाविरुद्ध निनावी तक्रार आली. आली ती अर्थात आवक टेबलावरच. त्याने ती वाचली, शिक्का मारला, वहीत नोंद केली आणि स्वतः नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली.

“अरे, फाडून टाकायची ना,” मी म्हटलं.

“मिळाली होती,” तो म्हणाला.

तिघांची चौकशी समिती बसली आणि पहिल्याच दिवशी अडली. एक वाजता आमच्या मजल्यावर चौदा माणसं डोळे मिटून बसतात. त्यातली तेरा झोपतात आणि त्याला कोणाची ना नाही. चौदाव्याच्या पापण्यांआड काय चाललंय, हे सिद्ध कसं करायचं? साक्षीला मला बोलावलं. मी ठोकून दिलं, “गाढ झोपतो. बावीस वर्षं बघतोय.” समितीच्या जिवात जीव आला. तेवढ्यात हा शहाणा म्हणाला, “नाही साहेब, मी जागा असतो.” त्याचं मानगूट धरावंसं वाटलं मला.

समितीने तरी वाट काढली. एका कागदावर टाइप केलं, ‘मी दुपारी डोळे मिटतो ते थकव्यामुळे.’ खाली सही केली की सुटला. नाही केली तर नोकरी जाणार, आणि निवृत्तीला राहिले होते सात महिने. सोमवारपर्यंत मुदत दिली.

रविवारी मी त्याच्या घरी गेलो. वहिनी भांडी पुसत होत्या.

“अहो, करा की सही,” त्या म्हणाल्या. “देवाला ठाऊक आहे तुम्ही जागे होता.”

“देवाला ठाऊक आहे गं. कागदाला कुठे ठाऊक आहे?”

चर्चच्या फादरनीही तोडगा सुचवला होता की सकाळी निघतानाच घरी आभार मानून टाक. “डबा उघडायच्या आधी?” तो मला म्हणाला. “बघितलंच नाही, ते मिळालं म्हणून कसं सांगू?” वहिनींनी फडकं आपटलं आणि आत गेल्या. त्या रडतायत हे आम्हा दोघांनाही कळलं. तो काही शूरवीर नव्हता, उरलेल्या सात महिन्यांच्या पगाराचा हिशेब त्याने बोटांवर दोनदा केला.

सोमवारी त्याने कागदावरचं ‘थकव्यामुळे’ खोडलं, वर ‘प्रार्थनेसाठी’ लिहिलं आणि सही केली.

पाव मिनिटासाठी म्हाताऱ्याला काढला तर पेपरात छी-थू होईल, म्हणून साहेबांनी फाइल स्वतःकडे ठेवली. त्याला शेवटची ताकीद दिली आणि नवं परिपत्रक काढलं: एक ते दीड या वेळेत कोणीही डोळे मिटू नयेत. तेरा निरपराध माणसांची झोप उडाली. शिपाई टेबलाटेबलांतून फिरून डोळे तपासायचा. पापणी लवायला तेवढी मुभा होती.

पावमिनिटाने आज्ञा पाळली. तो उघड्या डोळ्यांनी प्रार्थना करू लागला. आता उघडे डोळे कुठेतरी बघणारच, आणि समोर मी.

“माझ्यासाठी मागतोस की काय?” मी एकदा खेकसलो.

“समोर दिसतोस, मग तुलाही घेतो.”

माझा देवाबिवावर विश्वास नाही. पण एक दिवस तो रजेवर होता, तर मला दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं.

एका गुरुवारी बरोबर एकला साहेब माझ्या टेबलाशी आले. “जरा उठता का?” म्हणाले आणि माझ्या खुर्चीत बसले.

“उद्या अकराला बायकोचं ऑपरेशन आहे,” ते पावमिनिटाला म्हणाले. “मी काही म्हणत नाही. नुसता बसतो.”

पावमिनिटाने झाकण उघडलं, आत बघितलं, मग साहेबांकडे बघितलं. मी घड्याळ लावलं. चार मिनिटं झाली. शिपाई तपासायला आला आणि आल्या पावली परतला, कारण डोळे मिटले होते ते साहेबांनी.

उठताना साहेबांनी हळूच विचारलं, “कोणी विचारलं तर आपण काय करत होतो?”

पावमिनिटाचा चेहरा उतरला. “विचारलं तर खरं सांगावं लागेल, साहेब.”

साहेब खुर्ची जागेवर सरकवून निघून गेले. संपलं सगळं, असं मी समजलो. एक बारकंसं खोटं, तेही दुःखातल्या माणसासाठी, तेवढंही याच्याच्याने होऊ नये याची मला चीड आली.

शुक्रवारी साहेब दवाखान्यात होते. सकाळच्या कागदांत पावमिनिटाची फाइल आली. शेवटच्या पानावर साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘काल दुपारी एक वाजता मी डोळे मिटले होते. मी झोपलो नव्हतो. सदर कर्मचाऱ्याविरुद्धचं प्रकरण बंद करावं.’ खाली सही आणि तारीख.

पावमिनिटाने ते दोनदा वाचलं, मग माझ्यापुढे सरकवलं. मी वाचून परत दिल्यावर त्याने शिक्का मारला आणि भिंतीकडे पाहिलं. अकरा वाजत होते. डबा पिशवीतच होता. त्याने डोळे मिटले.

या वेळी मी घड्याळ लावलं नाही.