धाकट्याला वेडा ठरवलं तेव्हा

माझा धाकटा भाऊ शिंपी. लग्न केलं नाही. आमच्याच घरात पुढच्या खोलीत शिवायचा, मागच्या खोलीत झोपायचा. दिवसभरात चार शब्द बोललाच, तर तीन मापाचे असत. असा माणूस डोकं दुखतं म्हणून आडवा झाला आणि अखंड बडबडू लागला, तेव्हा आम्ही घाबरायला हवं होतं. आम्ही खूश झालो. "चला, तोंड उघडलं एकदाचं," बायको म्हणाली.

पुढे तो पडल्या पडल्या चादरीवरचे नसलेले धागे वेचू लागला. हवेत सुई धरायचा, डोळा बारीक करून दोरा ओवायचा, पुटपुटत टाके घालायचा. दुसऱ्या घरात डॉक्टर बोलावला असता. आमच्याकडे त्याच्या कामसूपणाचं कौतुक झालं. मग एकदा तो मलाच म्हणाला, "साहेब, बाही आखूड झाली." झालं! मी, बायको, थोरली बहीण आणि तिचे मिस्टर, अशा चार शहाण्यांनी त्याला एकमताने वेडा ठरवलं. मेहुणे औषधांच्या दुकानात नोकरीला, त्यामुळे त्यांना सगळंच कळतं. "लग्न न केल्याचा परिणाम," ते म्हणाले. बहिणीने कात्री लपवली. त्या दिवसापासून आम्ही ताट आत सरकवून उंबऱ्यावरूनच त्याची विचारपूस करू लागलो.

मनोरुग्णालयाचा अर्ज मीच भरला. अक्षर चांगलं आहे माझं.

तिथली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिने माझी कहाणी मध्येच तोडली, त्याचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिली. मग थर्मामीटर लावला.

"एकशेतीन ताप आहे, आणि नाडी जेमतेम ऐंशी. एवढ्या तापात ती पळायला हवी. हे वेड नाही. टायफॉइड वाटतोय."

"पण पोट ठणठणीत आहे त्याचं," मेहुणे म्हणाले.

"कुणाला नुसता खोकला येतो, कुणी असं भ्रमात जातं. रक्तात जंतू वाढतात का ते बघू. पण औषध आजच सुरू करायचं. आणखी उशीर केला असतात तर वाचले नसते."

त्याला शेजारच्या इस्पितळात हलवलं. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला, टायफॉइडच होता. "मला आधीच शंका होती," मेहुणे म्हणाले.

तो शुद्धीवर आला, तेव्हा मी एकटाच जवळ होतो.

"दादा, किती दिवस तापलो होतो मी?"

"पंधराएक दिवस असशील."

"आणि कपाळाला हात कुणीच लावला नाही?"

मी तेव्हा हात लावला. कपाळ गार होतं.