कुत्रं जाणार नाही

कुत्रं गेलं तर मीही माहेरी जाईन, असं मी म्हटल्याचं आमच्या गावात अजून सांगतात. मी तसं कधीच म्हटलं नाही. माहेरी जायची धमकी देणं हा माझा स्वभाव नव्हे, आणि कुत्र्यापायी घर सोडण्याइतकी मी वेडीही नव्हते. मी एवढंच म्हटलं होतं की कुत्रं जाणार नाही. या दोन बोलण्यांत फरक आहे. तो ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे.

धामणगाव बढ्यापासून बैलगाडीनं तासा-दीड तासावर आमचं गाव. माझं लग्न झालं तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. राज्य नवं होतं, पारावरची माणसं मात्र जुनीच होती. गावाच्या मधोमध निंबाचं झाड, त्याभोवती दगडी पार, आणि पारावर सकाळ-संध्याकाळ बसलेले गावातले जाणते. विहिरीची वाट पारासमोरूनच जायची. गावाची रीत अशी, की सुनेनं पारासमोरून जाताना डोक्यावर पदर घ्यायचा, पायातल्या चपला काढायच्या आणि हातात धरून चालायचं. पार मागे पडला की पुन्हा घालायच्या. लेकींना हे माफ होतं, सुनांना नाही.

बहुतेक सुनांनी यावर सोपा उपाय काढला होता. त्या चपला वापरतच नसत. मी पडले खामगावची. वडील जिनिंगमध्ये कामाला होते आणि त्यांनी मला सातवीपर्यंत शाळेत पाठवलं, तेही पायात चपला घालून. लग्नात त्यांनी मला चामड्याचा नवा जोड दिला होता. तो मऊ राहावा म्हणून मी त्याला एरंडेल चोळायची. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मला पारापर्यंत नेलं आणि चपला कुठे काढायच्या, कुठे घालायच्या ते दाखवून दिलं. मी निमूट ऐकलं. अंगावरची हळद उतरायची असते तोवर माणूस बरंच काही ऐकून घेतं.

कुत्रं आलं ते कपाशीच्या वेचणीत. शेतातल्या कडब्याच्या गंजीखाली एका कुत्रीनं पिलं घातली होती आणि त्यातलं एकच जगलं होतं. आमचे हे एका संध्याकाळी ते धोतराच्या ओच्यात घालून घरी घेऊन आले आणि काही न बोलता माझ्यासमोर ठेवून बैल बांधायला गेले. हे फार कमी बोलत. त्या दिवशीचं ते न बोलणं मला आवडलं होतं.

पिल्लू होतं तोवर सगळ्यांचं लाडकं होतं. मग ते वाढायला लागलं, आणि मिसरूड फुटलेल्या पोराचं होतं तसं त्याचं झालं. पाय लांब झाले, अक्कल तिथेच राहिली. एक कान उभा, एक पडलेला. वाळत घातलेल्या तुरीच्या डाळीवर ते लोळलं. ह्यांच्या धोतराचा सोगा दोरीवरून ओढून अंगणभर फिरवून आलं. दळणाच्या टोपलीत तोंड घालायचं आणि नाकापर्यंत पांढरं होऊन, मी नव्हेच, अशा चेहऱ्यानं दारात बसायचं. कोंबड्या पळवायचं, पण खायचं नाही. खाल्ली असती एखादी तर निदान भुकेचं कारण तरी सांगता आलं असतं. चामड्यावर तर त्याचा फार जीव. आसूड चावून त्यानं त्याचा पार दोरा केला. नाव त्याला कोणी ठेवलं नाही. सासूबाई दिवसभर 'हाड, हाड' करायच्या, तर त्याची पक्की समजूत झाली की हाड म्हणजे आपणच. हाड म्हटलं की असेल तिथून शेपूट हलवत यायचं. मी एकदा केरसुणीनं मारलं, तर त्यानं केरसुणीच पळवली.

आणि ते माझ्यामागे विहिरीवर यायला लागलं.

काय होणार ते आता कोणालाही कळेल, पण तेव्हा मला कळलं नव्हतं. मी पारासमोर आले, वाकले, चपला काढल्या. डोक्यावर घागर, एक हात घागरीला, दुसऱ्या हातात चपला. एरंडेलाच्या वासाच्या, चामड्याच्या, त्याच्या नाकाच्या उंचीवर झुलणाऱ्या चपला. त्यानं उडी मारली, एक चप्पल ओढली आणि पाराला गोल फेरी घालायला सुरुवात केली. मी मागे. घागर रिकामी होती म्हणून वाचले. पदर खांद्यावर आला, मग खांद्यावरूनही सरकला, आणि सगळा पार पाहत होता. पहिल्या दिवशी ते हसले. दुसऱ्या खेपेला कमी हसले. त्यानंतर कोणी हसलं नाही. पारावरच्या माणसांना सुनेचं पळणं दिसायला लागलं होतं, आणि सुनेनं पळणं हे चपला घालण्याहून वाईट.

मी काय काय केलं ते आज आठवलं तरी माझा मलाच राग येतो. चपला पदराखाली लपवल्या, तर कुत्र्यानं पदर धरला. कुत्र्याला घरात कोंडलं, तर ते कुडाखालून उकरून माझ्या आधी पाराशी जाऊन बसलं. एकदा तर मी चपला रिकाम्या घागरीत टाकल्या. ते विहिरीवरच्या बायांनी पाहिलं आणि आमच्या घरचं पाणी बरेच दिवस कोणी प्यायलं नाही. सासूबाईंनी ती घागर चिंच लावून घासली, राखेनं घासली, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी मात्र एवढी शाळा शिकून एवढा खटाटोप कशासाठी करत होते? जी गोष्ट समोर होती ती दिसतच नव्हती.

मग तो दिवस आला. पारावर माझे चुलतसासरे बसले होते. हे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. सासरे वारल्यापासून घरातलं आणि पारावरचं मोठेपण त्यांच्याकडे आलं होतं, आणि ते त्यांनी नीट सांभाळलं होतं. उकाडा होता, म्हणून फेटा काढून त्यांनी शेजारी ठेवला होता. कुत्र्यानं चप्पल ओढली, फेरी घातली, खुशीत पारावर चढलं आणि ती बरोबर फेट्यावर ठेवली. वर शेपूट हलवत त्यांच्याकडे पाहत राहिलं. त्याच्या मतानं त्यानं त्यांना आपली सगळ्यात लाडकी वस्तू दिली होती.

बाईची चप्पल पुरुषाच्या फेट्यावर. फेटा तिथेच ठेवून ते उघड्या डोक्यानं घरी गेले, यावरून काय ते समजा.

संध्याकाळी ते आमच्या ओसरीवर आले. माझ्याशी बोलायचा प्रश्नच नव्हता. ते सासूबाईंशी बोलले.

"वहिनी, येत्या बजारी हे कुत्रं धामणगावले नेऊन सोडा. नाही त मी भाकरीत कुचला घालून देतो. मंग मले बोल लावू नका."

सासूबाई मान खाली घालून होत्या. आमचे हे म्हणाले, सोडून येतो. मी आत चुलीजवळ होते. कुचला म्हणजे काय ते मला माहीत होतं. गावात पिसाळलेल्या कुत्र्याला घालायचे. पाय ताठ होऊन तडफडत मरतं. आमचं कुत्रं पिसाळलेलं नव्हतं, ते नुसतं तरणं होतं.

चुलतसासरे गेल्यावर मी बाहेर आले आणि ह्यांना म्हटलं की कुत्रं जाणार नाही. ह्यांनी विचारलं, काऊन वाढवतं गोष्ट? मी म्हटलं, त्याचं चुकलं काय तेवढं मला सांगा. आणि त्या क्षणी, भांडणाच्या भरात, मला ते पहिल्यांदा दिसलं. मी कोपऱ्यातल्या चपला घेतल्या, पायात घातल्या आणि अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. कुत्रं शेजारून शहाण्यासारखं आलं. चपलेकडे त्यानं पाहिलंही नाही. मग मी चपला काढून हातात घेतल्या. झेप.

"हातात धरली का झपटते," हे म्हणाले.

"हाव. पायात असली का त्याले काही घेणं नाही."

"मंग?"

"मंग मी पायात घालूनच जाईन. चूक चपला हातात घ्यायच्या रितीची अन् सजा कुत्र्याले; दुखणं हल्याले अन् डाग पखालीले, असं मी होऊ देणार नाही."

ह्यांचा चेहरा उतरला. पारावर आपल्याला तोंड दाखवता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मग दाखवू नका, शेतात भरपूर काम आहे. हे बोलणं वाईट होतं, पण मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही.

आता सासूबाई बोलणार, आणि माझी खरडपट्टी निघणार, असं धरून मी चुलीशी गेले. त्या भाकरी थापत होत्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या:

"हातातच धरून चालायचं त इकत कायले घ्यायच्या? म्हून मी जन्मात घेतल्याच नाही."

आणि भाकरी उलटवली.

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. टाचांना भेगा, भेगांत काळं तेल, अंगठ्याला बाभळीच्या काट्याची जुनी गाठ. मी त्या घरात आल्यापासून ते पाय रोज पाहत होते आणि त्यांच्याकडे चपला नाहीत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा माझे हे चुलतसासरे, म्हणजे त्यांचे दीर, इतके लहान होते की वहिनी कडेवर घेऊन त्यांना भरवायची, त्यांचं नाक पुसायची. पुढे तेच पारावर बसायला लागले आणि ज्या वहिनीनं त्यांना कडेवर वागवलं ती त्यांच्यासमोरून अनवाणी जायला लागली. मला रडू आलं नाही. मला संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागर घेतली, पदर नीट घेतला आणि चपला पायात घालून पारासमोरून निघाले. कुत्रं शेजारी. धुळीत माझ्या चपलांचा आवाज मला एवढा मोठा कधी वाटला नव्हता. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण पाय थांबले नाहीत.

"चपला, सूनबाई," चुलतसासरे म्हणाले.

"पायात हायेत, मामाजी. हातात असत्या त आजबी फेट्यावर पडल्या असत्या."

कोणीतरी हसू दाबायला खोकलं. ते माझ्याकडे न पाहता, कुत्र्याकडे पाहून म्हणाले की बाजाराचा दिवस ध्यानात ठेवा. म्हणजे माझ्या चपलांचा राग ते कुत्र्यावरच काढणार होते. बाजाराच्या दिवसापर्यंत मी कुत्र्याला रोज दोन वेळा माझ्या हातानं पोटभर भरवलं, म्हणजे कोणी टाकलेल्या तुकड्याला ते तोंड लावणार नाही. विहिरीवर रोज गेले, रोज चपला घालून. बाया माझ्याशी बोलायच्या थांबल्या. एक सोडून, तिनं मला हळूच विचारलं की जोड कुठून घेतला.

बाजाराच्या दिवशी ह्यांनी गाडी जुंपली. कुत्र्याच्या गळ्यात दोरी बांधून त्याला गाडीत चढवलं. ते बिचारं खुशीत, फिरायला निघालो म्हणून. मी बैलांच्या पुढे जाऊन उभी राहिले. ह्यांनी मला बाजूला हो म्हटलं, मी झाले नाही. शेजारच्या ओसऱ्यांवर माणसं उभी राहायला लागली.

तेवढ्यात सासूबाई घरातून बाहेर आल्या. धुतलेलं लुगडं नेसून, पिशवी घेऊन.

"कुत्र्याले उतरव," त्या लेकाला म्हणाल्या. "तिथं मी बसतो."

ह्यांनी विचारलं, कुठे?

"बजारात. चपला घ्याच्या हायेत."

कुत्र्याला मी खाली घेतलं. हे गाडी हाकून निघाले. दिवसभर मी आणि कुत्रं दारात बसून होतो आणि घरातलं एकही काम मला सुचलं नाही.

दिवस कलताना गाडी गावात शिरली, तशी मी पाराकडे धावले, कुत्रं माझ्यापुढे. सासूबाई पाराच्या अलीकडेच उतरल्या. पायात कोऱ्या, करकरणाऱ्या चपला. आयुष्यात पहिल्यांदा घातलेल्या, त्यामुळे चाल अगदीच वेडीवाकडी, फटक-फटक. अर्ध्या वाटेत त्यांच्या अंगठ्याला चप्पल चावली असावी. त्या पाराच्या पायरीवर बसल्या. त्या पायरीवर आजवर कुठलीही बाई बसली नव्हती. त्यांनी एक चप्पल काढली आणि अंगठा पाहायला हातात धरली.

मी ओरडेपर्यंत उशीर झाला होता. कुत्र्यानं चप्पल घेतली, फेरी घातली आणि पारावर जाऊन चुलतसासऱ्यांच्या पायाशी ती चावत बसलं. मला वाटलं, संपलं. आता चुलतसासरे इथेच त्याला काठी घालतात.

"भाऊजी," सासूबाई म्हणाल्या, "तेवढी आणून द्या."

आवाज चढलेला नव्हता. लहानपणी जेवायला बोलवत असतील तसा होता. ते बसून राहिले. सासूबाईही बसून राहिल्या, एक पाय चपलेत, एक धुळीत. मग ते उठले आणि चप्पल धरली. कुत्र्याला वाटलं, खेळायला आले. ते ओढतात, कुत्रं ओढतंय, असं सगळ्या पारासमोर चाललं होतं. शेवटी ती सुटली. ते बाईची चप्पल हातात धरून पाराच्या पायऱ्या उतरले. ती पायापाशी ठेवायची तर वाकावं लागतं. ते वाकले.

सासूबाईंनी पाय चपलेत घातला.

"अन् कुत्रं आमच्याच दारात राहीन," त्या म्हणाल्या.

"हाव, वहिनी," ते म्हणाले. अजून वाकलेलेच होते.