मीठ तापलंय

रविवारी दुपारची झोप झाली की भास्करकाका आमच्या जिन्याच्या तळाशी येऊन उभे राहायचे आणि वर न बघता म्हणायचे, "मीठ तापलंय." बस, एवढंच. डोनट केलेत, खायला या, चहा टाकलाय, असलं काही नाही. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा आदल्याच दिवशी पाण्याच्या मोटरवरून त्यांची आणि माझ्या नवऱ्याची थोडी कुरबुर झालेली होती. नवऱ्याने निमूटपणे शर्ट चढवला, मला म्हणाला, तू मागून ये, आणि खाली गेला. खाली त्याच्या हातात एक गरम डोनट ठेवण्यात आला. मोटरचा विषय पुन्हा निघाला नाही.

मोरव्यात, स्टेशनच्या पश्चिमेच्या खाडीकाठच्या गावात, काकांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो. आम्ही चिपळूणकडचे, नोकरीसाठी आलेले. काका तिथलेच. त्यांच्या घरची पूर्वी भातशेती होती आणि खाडीच्या कडेला मिठागर होतं. शेतीवर इमारती आल्या, मिठागर बंद पडून तिथे तिवरं उगवली, आणि काकांनी उरलेली नोकरीची वर्षं एका कारखान्याच्या गेटवर बसून काढली. याबद्दल त्यांना कधी हळहळताना मी पाहिलं नाही. खरं तर ते कशाबद्दलच हळहळायचे नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर बारा महिने एकच भाव असायचा, बसची वाट बघणाऱ्या माणसाचा.

राहायला आलो त्याच आठवड्यात आमच्याकडचं मीठ संपलं. मी वाटी घेऊन खाली गेले. ओट्यावर काका होते. त्यांनी आतून वाटी भरून आणली, मी हात पुढे केला, तर त्यांनी ती पायरीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकले. "उचल, बाय," म्हणाले. मीठ हातात देत नाहीत, हातात दिलं की भांडण होतं, हे आमच्याकडेही मानतात, पण आमच्याकडे हात मागे घेतात आणि हसतात. काका हसले नाहीत. मी वाटी उचलेपर्यंत ते दुसरीकडे बघत राहिले.

वाटीत दुकानातलं पुडीचं मीठ होतं. आणि मागच्या पडवीत एक निळा ड्रम होता, त्याच्या तळाशी चार-पाच ओंजळी खडेमीठ पडून होतं. ते काकांच्या मिठागराच्या शेवटच्या वर्षाचं मीठ. सुरुवातीला घर तेच खात होतं. ड्रम खाली खाली जाऊ लागला तसे काका आत डोकावू लागले, आणि एके दिवशी त्यांनी झाकण लावून बायकोला, मथुराकाकूंना, सांगितलं की उद्यापासून पुडी आणायची. काकूंनी हे मला जेवढ्या वेळा सांगितलं तेवढ्या वेळा कपाळाला हात लावला. "घरान मीठ हाय आनि मी दुकानान जाते," असं त्या म्हणायच्या. लोकांना काय सांगायचं, हा त्यांचा प्रश्न होता. काकांचं उत्तर ठरलेलं होतं, "खाल्लं म्हंजे संपतं."

डोनटचं खूळ आणलं नातीने. काकांचा मुलगा दिनेश रेल्वेच्या पूर्वेला, इंद्रलोकच्या संकुलांमध्ये राहायचा. त्याची मुलगी तन्वी तेव्हा शाळेत होती आणि सुट्टीत मोरव्यात यायची. तिला डोनट हवे होते. मथुराकाकू म्हणाल्या, त्यात काय, मी तळते. त्यांच्या हातचे वडे खाल्लेत म्हणून सांगते, त्यांनी डोनट तळले असते तर ते उत्तमच झाले असते आणि हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण तन्वीला तळलेले चालणार नव्हते, शाळेत कुणीतरी तेलाबद्दल भाषण दिलं होतं. तिने मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. त्यात एक बाई कढईत मिठाचा जाड थर देत होती, वर जाळी ठेवत होती, झाकण लावून तापवत होती आणि आत डोनट भाजत होती. शेवटी ती बाई म्हणाली की हे मीठ मग खायला वापरू नका, पण भाजायला पुन्हा पुन्हा वापरता येतं.

काकांनी तन्वीला तेवढं वाक्य परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. मग ते उठून पडवीत गेले आणि ड्रमचं झाकण काढलं.

काकू स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देईनात, म्हणून सगळा कारभार बाहेरच्या ओट्यावर, एका शेगडीवर. कढई काकूंचीच, जाड बुडाची, काठाला पोचा आलेली. ड्रमातलं सगळं मीठ तिच्यात आलं. पहिल्यांदा मीठ तापलं तेव्हा ते असं तडतडलं की खडे उडून अंगणात गेले. अंधार पडला होता, तरी काका हातात कंदिलासारखा मोबाईल धरून सगळे खडे वेचून आले. नंतरच्या रविवारी मीठ जरा कमी तडतडलं, मग गप्पच झालं. काका म्हणाले, "सवय जाली त्याला." साच्यांसाठी ते पूर्वेच्या एका भांड्यांच्या गाळ्यात गेले आणि ओळखीच्या माणसाकडून स्टीलच्या पसरट वाट्या करून आणल्या, मधोमध उभी नळी जोडलेल्या. कढईत एका वेळी चारच मावायच्या. पाचव्या माणसाने थांबायचं.

कृती सोपी होती. मैदा, पिठीसाखर, दही, थोडं दूध, वितळवलेलं लोणी, बेकिंग पावडर आणि चिमूटभर सोडा. अंडं नाही, कारण गल्लीतले निम्मे शेजारी गुजराती होते आणि काकांना प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचा कंटाळा होता. पीठ वाटीत अर्ध्यापर्यंतच ओतायचं. भाजले की वरून तुपाचा हात आणि वेलचीची साखर. हे सगळं कुणालाही जमेल. तरी काकांचे डोनट एका बाजूला तांबूस आणि एका बाजूला पांढरे व्हायचे, कारण शेगडीची आच एकीकडे जास्त होती आणि शेगडी दुरुस्त करणं त्यांच्या विचारात नव्हतं. काकू एक तुकडा खायच्या आणि दर वेळी तोच निकाल द्यायच्या, "भोकाचा केक हाय." तो बरोबर होता. काका स्वतः गोड खायचे नाहीत. ते कढईसमोर पाट टाकून बसायचे, झाकणाकडे बघत.

तन्वीची सुट्टी संपली, ती इंद्रलोकला परत गेली, डोनटवरून तिचं मन उडून दुसऱ्या कशावर तरी गेलं. काकांचे रविवार चालूच राहिले. खाणारे म्हणजे आम्ही.

मग दिनेशने ओव्हन आणला. चांगला मुलगा होता तो. बाप ह्या वयात जमिनीवर बसून गॅसच्या झळा खातो, हे त्याला बघवत नव्हतं. ओव्हन हॉलमध्ये टेबलावर बसला. दिनेशच्या समोर काकांनी त्यात डोनट केले, आणि ते, काय सांगू, सुरेख झाले. चारही बाजूंनी सारखे तांबूस, हलके. काकूंनी अख्खा खाल्ला आणि निकाल दिला नाही. दिनेश खुश होऊन म्हणाला, "मग बाबा, आता ते मीठ टाकून द्या. कसलं काळं पडलंय, बघवत नाय."

काका म्हणाले, "बगू."

पुढच्या रविवारी जिन्याखालून आवाज आला, "मीठ तापलंय." मी खाली जाऊन विचारलं, ओव्हन बिघडला का? "न्हाय. चांगला हाय. पन त्याच्यासमोर बसायला लागत न्हाय. मग मी करू काय?" ओव्हनमध्ये पुढे काकूंनी रक्तदाबाच्या गोळ्या आणि टीव्हीचा रिमोट ठेवायला सुरुवात केली. तिथे ते सापडायचे तरी.

त्याच दिवशी, झाकणावरची नजर न काढता, ते मला म्हणाले, "मी गेल्यावर हे फेकतील. रागानं न्हाय गो. कचरा म्हनून." मी म्हटलं, असं कसं फेकतील, मी सांगेन ना दिनेशला. त्यांनी मान हलवली. नुसतं सांगून टिकलेलं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. एवढ्या वर्षांत ते मिठागराबद्दल माझ्याशी बोलले असतील ते एवढंच. मी हातातला अर्धा डोनट परत ताटलीत ठेवला, आणि तो बिचारा चांगला झाला होता.

पुढे आम्ही कर्ज काढून पूर्वेला, इंद्रलोकमध्येच, घर घेतलं. सामानाचा टेम्पो दारात उभा असताना काका आतून कढई घेऊन आले. मिठासकट, जाळीसकट, वर झाकण आणि झाकणावर त्या चार वाट्या. ती त्यांनी पायरीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकले.

"उचल, बाय."

मी म्हटलं, काका, हे घरातलं आहे, दिनेशला द्या, तन्वीला द्या. मला कशाला?

"घरातल्यांना दिलं तर घरातलं होतं. घरातलं लोक फेकतात. दुसऱ्याचं ठेवायला दिलेलं कोन फेकत न्हाय." मग जरा थांबून म्हणाले, "तन्वी मागंल तवा दे. नाय मागितलं तर तापवत रहा."

मी कढई उचलली. काकू मागे दारात उभ्या होत्या. आपली कढई चालली हे त्यांना दिसत होतं.

त्यानंतर रविवारी फोन यायचा. "तापलं का?" मी म्हणायचे, तापलं. फोन बंद. कधी आम्ही बाहेर असलो तरी मी तापलं म्हणायचे, आणि त्यांना ते कळायचं, कारण मग ते विचारायचे, "कुठं फिरताय?" माझ्या शेगडीची आच सारखी होती, तरी माझे डोनट मधे कच्चे राहायचे. तेही मी सांगायचे. ते म्हणायचे, "झाकन उघडतेस तू." उघडायचे मी.

एका रविवारी फोन आला नाही. संध्याकाळी दिनेशचा आला. झोपेतच गेले होते. मी कढई उचलून ठेवायला उठले तेव्हा ती अजून गरमच होती. त्या दिवशी मी खूप रडले. माझे सख्खे काका गेले तेव्हाही मी एवढी रडले नव्हते, हे नातेवाइकांनी वाचलं तर वाचू दे.

मग मी तापवत राहिले. तन्वी आमच्या शेजारच्याच संकुलात राहायची, कॉलेजात जायची, रस्त्यात भेटली की "हाय काकू" म्हणायची. मी तिला काही सांगितलं नाही. मागेल तेव्हा दे, असं ते म्हणाले होते, आठवण करून दे असं म्हणाले नव्हते. कधी कधी वाटायचं, सांगून टाकावं. पण नुसतं सांगून टिकलेलं मीही आता फारसं काही पाहिलं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर ती दारात आली. आजी सध्या त्यांच्याकडे आहे, म्हणाली, आणि ओव्हनमधले डोनट आजीला दिले तर तिने बाजूला सारले. "म्हणते, यात भोकाच्या केकची चव नाय. काकू, आजोबांचं मीठ तुमच्याकडे आहे ना? मी नेऊ का?"

मी आतून कढई आणली. तिने दोन्ही हात पुढे केले. मी कढई उंबऱ्याशी खाली ठेवली आणि दोन पावलं मागे सरकले. क्षणभर तिला काही कळलं नाही, तिचे हात तसेच हवेत राहिले. मग तिने ते हळूच मागे घेतले, खाली वाकली आणि कढई उचलली. जाताना लिफ्टमध्ये तिने ती पोटाशी धरली होती. नव्या ड्रेसला काजळी लागली असणार.

रविवारी दुपारी फोन वाजला. पलीकडून नमस्कार नाही, कशा आहात नाही.

"काकू, मीठ तापलंय."

मी चपला घातल्या.