अडगळीत कोण आहे?

घरातलं मीठ संपलं असं कोणी सांगितलं, की माणूस पिशवी घेतो आणि दुकानात जातो. ही बाई तसं करत नाही. ती आधी बरणी खाली काढते, झाकण उघडते, आत डोकावते, बरणी हलवून बघते आणि मग म्हणते, "हो, संपलंय खरं." तोवर सांगणारा दुसऱ्या कामाला लागलेला असतो, पण तिला त्याचं सोयरसुतक नाही. नवरा पसंत करतानाही तिने त्याला पुन्हा पुन्हा भेटायला बोलावलं, आणि शेवटच्या भेटीत सगळा वेळ त्याच्या चपलांकडे बघत बसली. दोन्ही टाचा सारख्या झिजलेल्या असल्या तर माणूस सरळ चालणारा, असा तिचा अंदाज. अंदाज बरोबर निघाला. घड्याळं दुरुस्त करणारा तो नवरा अजून सरळच चालतो आहे. ऑफिसात तिला सगळे 'आधीबघू' म्हणतात, अगदी तोंडावर म्हणतात, आणि ती खुशाल ओ देते.

ऑफिस म्हणजे बोलक्या पुस्तकांचं घर. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी इथे पुस्तकं आवाजात भरून ठेवतात. खालच्या मजल्यावर उठावाच्या टिंबांची, म्हणजे ब्रेलची, पुस्तकं छापणारा विभाग आणि कोपऱ्यात फोनचं यंत्र. ठरलेला नंबर फिरवला की यंत्र गोष्ट ऐकवतं, आणि गोष्ट संपल्यावर ऐकणाऱ्याला दोन शब्द बोलायचे असले तर तेही टिपून ठेवतं. वरच्या मजल्यावर जाड पडद्यांची रेकॉर्डिंगची खोली. या दोन्हींच्या मध्ये, जिन्याला लागून, एक अरुंद खोली आहे. तिथे सर्व्हर घुमतो, पंखा कुरकुरतो आणि आधीबघू बसते. संस्थेचं जे काही साठवलेलं आहे ते सगळं तिच्या ताब्यात.

साठवणीची तिची पद्धत समजायला अवघड नाही. कपाटाला आत सरकत्या फळ्या असतात ना, तसं. सगळ्या डिस्क मिळून एक मोठं कपाट, आणि त्यात पाडलेले खण म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम. एखादा खण तुडुंब झाला आणि कपाटात मोकळी जागा उरली असली, तर फळी सरकवून खण मोठा करता येतो, आतलं सामान बाहेर न काढता. मात्र फळीला हात लावण्याआधी ती काळ्या पडद्यावर 'एलव्ही डिस्प्ले' असा हुकूम टाइप करणारच. मग एकेक खण आपलं नाव, आकार, जन्मतारीख आणि सध्या वापरात आहे की नाही ते सांगतो. हुकूम साधा आहे, काही बदलत नाही, काही मोडत नाही, नुसतं दाखवतो. म्हणूनच तो तिला जिवापाड आवडतो.

त्या दिवशी सकाळपासून वरच्या खोलीत तिच्या सासूबाई वाचत होत्या.

सासूबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. आवाज असा, की मागच्या बाकावरचा पेंगणारा पोरगाही ताठ बसावा. बोलक्या पुस्तकांतला मुलांचा सगळा विभाग त्यांच्याच आवाजावर उभा होता. एक खोड मात्र जबर होती. वाचताना जीभ अडखळली, शिंक आली, हसू फुटलं, की त्या काचेवर टकटक करायच्या आणि गरजायच्या, "पुसा ते! आत्ताच्या आत्ता पुसा!" काचेपलीकडे बसणारा कानसेन मान डोलवायचा. कानसेन म्हणजे तिथला रेकॉर्डिंगवाला. टाचणी पडली तरी ती कोणत्या खोलीत पडली ते सांगेल असे कान, म्हणून हे नाव. "पुसलं का?" सासूबाई विचारायच्या. "पुसलं, बाई," तो सांगायचा. आपली चूक परक्याच्या कानावर जाता कामा नये, हा त्यांचा जन्माचा नियम होता. घरीसुद्धा चुकून जास्त तिखट झालेली आमटी त्यांनी कधी पाहुण्यांसमोर येऊ दिली नाही.

पण आज टकटक परवडणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रावर एक बारीक गाठ होती. डॉक्टर म्हणाले होते, घाबरायचं कारण नाही, आवाज येईल. "हाच येईल का?" असं सासूबाईंनी विचारल्यावर मात्र डॉक्टरांनी नुसते हात पसरले होते. आणि मुलांची सगळ्यात लाडकी गोष्ट, कासव पोस्टमनची, अजून संपायची होती. एकच प्रकरण उरलं होतं. कासव आजोबा एक पत्र घेऊन वर्षानुवर्षं चालताहेत, ते पत्र कोणाचं, हे त्यात कळणार होतं. दमलेल्या गळ्यात आता तेवढं एकच प्रकरण शिल्लक होतं, ते दोनदा वाचायला तो गळा तयार नव्हता.

आणि नेमकं तेव्हाच पडद्यावर लाल ओळ उमटली. आवाजांचा खण भरत आला होता.

आधीबघूच्या तोंडचं पाणी पळालं. नवा मायक्रोफोन आल्यापासून फायली फुगत चालल्या होत्या हे तिला ठाऊक होतं, पण इतक्या? खण भरला की रेकॉर्डिंग तिथेच थांबणार, आणि अर्धवट प्रकरण पुन्हा पहिल्यापासून. तिने जिन्यात जाऊन हात हलवून कानसेनला बोलावलं. तो रेकॉर्डिंग चालूच ठेवून, हेडफोन मानेवर अडकवून धावत आला. त्याच्या मागून साहेबही आले. साहेब म्हणजे संस्थेचे व्यवस्थापक, चांगला माणूस, फक्त जिन्यात कोणी धावलं की त्यांना आधी आगच आठवते.

"किती वेळ आहे?" साहेबांनी विचारलं.

"बाई अशाच वाचत राहिल्या, तर प्रकरण संपायच्या आधी जागा संपेल."

"मोकळी जागा नाही कुठे?"

"उरलेली सगळी मी मागे छपाई विभागाला देऊन टाकली," आधीबघू म्हणाली. तिला तसं पक्कं आठवत होतं.

साहेब पडद्याकडे वाकले. भिंतीवर तिनेच चिकटवलेल्या खणांच्या जुन्या नकाशावर त्यांनी बोट ठेवलं. "हे काय? अडगळ? एवढा मोठा खण, आणि नाव अडगळ?"

"तो मी सुरुवातीला पाडला होता, सगळं नीट चालतं का ते बघायला. नंतर बंदच आहे."

"मग काढून टाका की! अडगळ ती अडगळ. जागा होईल." खरं सांगायचं तर साहेबांचं म्हणणं रास्त होतं. कोणीही तेच म्हटलं असतं.

"थांबा थांबा!" कानसेन एकदम ओरडला आणि मग हळूच म्हणाला, "म्हणजे... एवढी काय घाई आहे?"

"घाई काय? वर बाई वाचताहेत, बाबा!" साहेब कळवळले.

आधीबघूने मान वर करून कानसेनकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते तिला त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. पण ती "आधी बघू," एवढंच म्हणाली आणि हुकूम टाइप केला.

खण एकापाठोपाठ एक समोर आले. आवाज. पुस्तकं. हजेरी. मग अडगळ. तिने ओळीवर बोट ठेवून ओळ वाचली, मग परत वाचली. 'ओपन' या शब्दापुढे शून्य असायला हवं होतं. तिथे एक होता. म्हणजे बंद म्हणून ज्याला कित्येक वर्षं कुलूप असल्यासारखं धरलं होतं, तो खण उघडा होता आणि कोणीतरी तो वापरत होतं.

"अडगळीत कोण आहे?" तिने विचारलं.

कानसेन पंख्याकडे बघू लागला.

"कानसेन, तुला विचारतेय."

"ताई, तुम्ही बाळंतपणाच्या रजेवर जाताना पासवर्ड तुम्हीच दिला होतात," तो म्हणाला. आता त्या बाळाला मिशा फुटायला लागल्या होत्या, तेव्हा गोष्ट किती जुनी ते समजून घ्यावं. "बाईंच्या चुका आहेत तिथे."

"कसल्या चुका?"

"सगळ्या. त्या पुसा म्हणायच्या, मी पुसलं म्हणायचो. पण माझ्याच्याने होईना हो. एकदा कासवाला शिंक आली ती कशी पुसणार? मग मी त्या अडगळीत टाकत गेलो. आणि..."

"आणि?"

"आणि फोनच्या यंत्राला जोडल्या. गोष्ट संपली की नऊ दाबायचं. मुलं रोज दाबतात."

साहेबांनी कपाळाला हात लावला. आधीबघूला आधी रागच आला, आणि तो खोटा नव्हता. तिच्या कपाटात तिच्या नकळत कोणीतरी संसार थाटला होता! वर सासूबाईंचा आवाज ठणठणीत चालू होता आणि इथे त्यांच्या जन्माच्या नियमाचं पार भजं झालेलं. पण रागवायलाही वेळ हवा. तिने पुन्हा पडद्याकडे बघितलं, यादी संपेपर्यंत खाली गेली, परत वर आली आणि परत खाली गेली.

"अगंबाई," ती म्हणाली.

"आता काय?" साहेब म्हणाले.

"छपाईचा खण कुठाय?"

तो नव्हताच. तिने तो पाडायला घेतला होता, तेवढ्यात कोणाचातरी फोन आला असणार, आणि मग मनाने तो पाडून टाकला होता. तिने कपाटाची एकूण मोकळी जागा दाखवणारा दुसरा हुकूम दिला. देणार म्हणून ठेवलेली सगळी जागा तिथे तशीच पडून होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दुसऱ्या कोणाची आठवण असती तर तिने कधीच विश्वास ठेवला नसता, स्वतःची म्हणून ठेवला होता. तिने फळी सरकवली. आवाजांचा खण रुंद झाला, लाल ओळ गेली, आणि वर काचेआड कासव आजोबा एका क्षणासाठीही न थांबता चालत राहिले. तिघांचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी आनंदाच्या भरात कानसेनच्या पाठीत अशी थाप मारली की हेडफोन खाली पडला.

प्रकरण संपलं. पत्र निघालं खुद्द कासवाचंच, त्याच्या आईने तो अंड्यात असताना लिहिलेलं. शेवटची ओळ वाचून सासूबाई खाली आल्या, घाम पुसत, एकही चूक न करता.

"झालं बाई," त्या म्हणाल्या. "आता काही पुसायचं राहिलं नाही."

कानसेन जमिनीत शिरायला जागा शोधत होता. आधीबघूला वाटलं, सांगू नये, उद्या ऑपरेशन आहे, कशाला त्रास. पण लगेच वाटलं, उद्या ऑपरेशन आहे म्हणूनच सांगावं. तिने सासूबाईंना आपल्या खुर्चीत बसवलं.

"आई, एक ऐकायचंय तुम्हाला. ऐकून झाल्यावर काय रागवायचं ते माझ्यावर रागवा."

तिने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि नऊ दाबलं. खोलीत सासूबाईंचाच जुना आवाज घुमला. एका लांबलचक नावावर जीभ अडली, परत अडली, आणि मग तो आवाज भडकला, "अरे मेल्या, तुझं एवढं मोठं नाव ठेवलं तरी कोणी?" आणि त्यानंतर हसू, उचकी लागेपर्यंत हसू, आणि उचकीतून, "पुसा! पुसा ते!"

सासूबाईंचा चेहरा लालबुंद झाला. "हे... हे लोकांनी ऐकलं?"

"थांबा, आई. अजून आहे."

कानसेनने पुढे होऊन यंत्रावर मुलांनी ठेवलेले निरोप लावले. एकाला शिंक परत हवी होती. एकाला उचकीची नक्कल करता येत होती आणि त्याने ती करूनही दाखवली. मग एका मुलीचा बारीक आवाज आला. "आजी, तुम्ही चुकता ना, ते मला फार आवडतं. मी पण टिंबांवरून वाचताना चुकते. मग मी तुमच्यासारखी हसते आणि परत वाचते."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग कानसेनकडे वळून म्हणाल्या, "खोटारडा कुठला. इतकी वर्षं पुसलं म्हणत होतास!" पण त्यांचा हात त्याच्या डोक्यावर होता.

मग त्या सुनेकडे वळल्या. "अगं, उद्या हा आवाज जाईल कदाचित. त्या तुझ्या अडगळीत जागा आहे का अजून?"

आहे हे आधीबघूला चांगलं ठाऊक होतं. आत्ताच तर बघितलं होतं.

"बघते हं, आई," ती म्हणाली आणि हुकूम टाइप केला. "आहे. भरपूर आहे."

सासूबाई पुन्हा काचेआड जाऊन बसल्या. समोर पुस्तक नव्हतं. दिवा लाल झाला. "मुलांनो," त्यांनी सुरुवात केली, "उद्या तुमच्या आजीचा गळा..." आणि खोकला आला, चांगला खोल. सवयीने त्यांचा हात काचेकडे गेला आणि मध्येच थांबला.

"राहू दे," त्या कानसेनला म्हणाल्या आणि पुढे बोलू लागल्या.